फासे, फोन आणि रामबाग: रोल-प्लेइंग गेमबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी जेवणं आटोपली की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या माडीवर सहा-सात जण जमतात, आणि दोन-तीन रविवारांआड कुणीतरी नवीन येतं. नवीन माणूस बसल्याबसल्या तेच प्रश्न विचारतो. उत्तरं देण्यात अर्धा तास जातो आणि चार वाजताचे पोहे गार होतात. म्हणून एकदाचं लिहून टाकलं. मी या गटाचा गेम मास्टर, म्हणजे खेळातले प्रसंग सांगणारा. मतं माझी आहेत, गटातले निम्मे लोक त्यावर माझ्याशी भांडतात.

हे नेमकं असतं काय? पत्ते, नाटक की व्हिडिओ गेम?

एक जण प्रसंग सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात. निकाल काय लागेल याची खात्री नसेल तिथे फासा टाकतात. व्याख्या इथे संपली, पण तेवढ्याने कुणालाच काही कळत नाही, म्हणून गेल्या महिन्यातला एक तुकडा देतो.

काळ डिसेंबर १८१७. महिदपूरच्या अलीकडे, क्षिप्रेचा काठ. इंग्रजांची फौज जवळ आली आहे. होळकरांच्या फडावरचा एक कारकून (माझा चुलतभाऊ), बैलांचा तांडा हाकणारी बंजारीण (शेजारच्या काकू, बँकेतून निवृत्त) आणि पलटणीतून पळालेला गोलंदाज, म्हणजे तोफ डागणारा (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा), या तिघांना एक पत्र नदीपार न्यायचं आहे.

मी म्हणालो, "नाक्यावर दोन शिपाई. एकाने बैलाच्या पाठीवरच्या गोणीत भाला खुपसला. पत्र त्याच गोणीत आहे."

काकू क्षणभरही थांबल्या नाहीत. "मी ओरडते. अरे मेल्या, मीठ आहे ते! सांडलं तर तुझा बाप भरून देणार का?"

"टाका, काकू."

आम्ही सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. दहा किंवा वर आले तर काम फत्ते, सहा किंवा खाली आले तर बोंब, आणि सात ते नऊ म्हणजे काम होतं पण किंमत मोजावी लागते. आठ पडले.

"शिपाई हसतो, भाला काढतो. दुसरा म्हणतो, मीठ आहे? मग दे की मूठभर, दोन दिवस अळणी भाकरी खातोय."

गोणीत ज्वारी होती. पुढची वीस मिनिटं त्या मुठीभर मिठात गेली, आणि त्यातलं काहीही मी आधी ठरवलेलं नव्हतं.

हा खेळ आला कुठून?

अमेरिकेतून. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स आणि त्याचा सहकारी डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. पहिल्या खेपेला हजार प्रती छापल्या होत्या. त्याआधी मंडळी टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळत. सगळ्या सैन्याऐवजी एकच माणूस आपला धरायचा, ही कल्पना नवी. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळांच्या कंपनीने मूळ प्रकाशक कंपनी विकत घेतली, १९९९ मध्ये खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोने विझर्ड्सला घेतलं. दोन फाशांची जी रीत वर सांगितली ती मात्र डंजन्सची नव्हे. ती २०१० मध्ये व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांनी 'अपॉकलिप्स वर्ल्ड' या खेळात आणली. आम्ही उचलली, कारण काकूंना ती पाच मिनिटांत समजली.

मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर इतके भारी गेम असताना टेबलाभोवती बसायचं कशाला?

'बाल्डर्स गेट ३' हा २०२३ चा गेम डंजन्सच्याच नियमांवर बेतलेला आहे. मी तो पुन्हा पुन्हा खेळलो आहे आणि त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण त्यात जितक्या वाटा आहेत तितक्या कुणीतरी आधी लिहून, रंगवून, आवाज देऊन ठेवलेल्या आहेत. "मीठ आहे ते" हे बटण तिथे नसेल तर नसतंच.

लॉकडाऊनमध्ये तुम्ही ऑनलाइन खेळलात म्हणे. कसं जमलं?

सुरुवातीला वाईट. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलवर चारच जण मावत आणि आम्ही सहा. दोघं जण दुसऱ्या फोनच्या स्पीकरला कान लावून बसायचे. एप्रिलच्या अखेरीला ती मर्यादा आठवर गेली. इतरांनी तेव्हा काय काय साजरं केलं ठाऊक नाही, आम्ही ते साजरं केलं.

फासे प्रत्येकाने आपापल्या घरी स्टीलच्या ताटात टाकायचे, असं ठरलं. ताटाचा खणखणाट सगळ्यांना ऐकू यायचा, मग क्षणभर शांतता, मग आकडा. कुणी खोटं सांगितलं का? एकाने दोनदा सांगितलं असावं असा माझा संशय आहे. तो माझा चुलतभाऊ आहे.

मग जूनमध्ये उत्साहाच्या भरात आम्ही व्हर्च्युअल टेबलटॉपवर गेलो. म्हणजे असं संकेतस्थळ की जिथे नकाशा पसरता येतो, सोंगट्या सरकवता येतात, अंधार पडलेला भाग झाकता येतो. मी तीन रात्री जागून महेश्वरचा घाट काढला, पायरी अन् पायरी. सगळे म्हणाले, वा. आणि त्या संध्याकाळी कुणी काही बोललंच नाही. जो तो चौकटी मोजत होता. "मी पाच घरं सरकतो." "तिथून तो दिसतो का?" काकूंची बंजारीण, जी ताटाच्या काळात दर दहा मिनिटांनी कुणाला तरी शिव्या घालायची, ती दोन तास गप्प होती. शेवटी काकूंनी विचारलं, "आता मी फक्त सोंगटी ढकलायची का रे?"

त्या प्रश्नावर मी अजून विचार करतो. डिजिटल काळात या खेळाचं काय होणार, असं लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चित्रं असतात: त्रिमितीय किल्ले, डोळ्यांवरचे चष्मे. माझा अनुभव उलटा आहे. चित्र वाढलं की बोलणं आटतं, आणि बोलणं हेच इथलं भांडवल. पुढच्या रविवारी आम्ही नकाशा बंद केला, ताटं पुन्हा बाहेर आली.

इंजिनिअरिंगवाल्याचं म्हणणं वेगळं आहे, आणि त्याचं काही चुकत नाही. डंजन्सची लढाई पावला-पावलाने खेळायची तर नकाशाशिवाय भांडणं होतात. शिवाय आमच्यातल्या एकाला कमी ऐकू येतं. कॉलवर त्याचे हाल व्हायचे, पण बाजूला चालणाऱ्या लेखी चॅटमुळे तो पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबरीने खेळला. आजही माडीवर बसतो तेव्हा एक जण त्याच्यासाठी फोनवर टाइप करत असतो.

निम्मे माडीवर आणि निम्मे कॉलवर, असं चालेल का?

चालत नाही. पंख्याचा आवाज, दोघं एकदम बोलणारे, ताटलीतली शेव. मधे ठेवलेल्या फोनमधून पलीकडच्याला फक्त गलका ऐकू येतो आणि तासाभराने तो बिचारा "माझं नेट जातंय" म्हणून निघून जातो. एकतर सगळे समोरासमोर किंवा सगळे आपापल्या हेडफोनवर. बेंगळुरूला आणि पुण्याला गेलेल्या दोघांसाठी महिन्यातला शेवटचा रविवार आम्ही पूर्ण ऑनलाइन ठेवतो. माडीखाली राहणारासुद्धा त्या दिवशी आपल्या घरातूनच खेळतो.

कोणतं व्हर्च्युअल टेबलटॉप घ्यावं?

'फँटसी ग्राउंड्स' २००४ पासून आहे. 'रोल ट्वेंटी' २०१२ मध्ये लोकवर्गणीतून उभं राहिलं, ब्राउझरमध्ये उघडतं आणि फुकटातही बरंच काही देतं. 'फाउंड्री' २०२० मध्ये आलं, एकदाच पैसे भरायचे आणि आपल्या मशीनवर चालवायचं, पण ते बसवायला घरात एक खटपट्या माणूस लागतो. नवखा गट असेल तर यातलं काहीच घेऊ नका. सहा रविवार नुसत्या आवाजावर खेळा, मग काय अडतं ते आपोआप कळेल.

आणि मोठ्या कंपनीचं म्हणून भुलू नका. विझर्ड्सने स्वतःचं त्रिमितीय टेबल, 'सिजिल', २०२५ च्या फेब्रुवारीत बाजारात आणलं आणि पुढच्याच महिन्यात त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना घरी पाठवलं.

पुस्तकं विकत घ्यावीत की वर्गणी भरावी?

इथे मी जरा कडवट होणार आहे. दोन वर्षं मी सगळी टिपणं एका सेवेवर ठेवली होती: माळव्याचा नकाशा, ३० गावं, दीडशेच्या आसपास माणसं, कुणाचं कुणाशी वैर. कार्ड बदललं, वर्गणी थकली. मी लक्षात येऊन पैसे भरले तोवर जादा जागेतला मजकूर उडवला गेला होता. नियमावलीच्या विसाव्या कलमात तसं लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. चूक माझीच, पण त्या रविवारी मी लोकांना विचारत फिरत होतो की महेश्वरच्या त्या कोष्ट्याचं नाव आपण काय ठेवलं होतं. आजीला आठवत होतं. ती खेळत नाही, झोपाळ्यावर बसून ऐकते.

त्यानंतर टिपणं लांब हिशेबाच्या वहीत. वर्षातून एकदा तिचे फोटो काढून ठेवतो.

हाच प्रश्न २०२३ च्या जानेवारीत जगभर पेटला होता. डंजन्सच्या नियमांचा गाभा इतरांनी वापरावा म्हणून २००० सालापासून एक मोकळा परवाना होता आणि त्यावर शेकडो छोट्या प्रकाशकांचं पोट चालत होतं. तो रद्द करून मोठ्या उलाढालीवर हिस्सा मागणारा विझर्ड्सचा नवा मसुदा बाहेर फुटला. लोकांनी 'डी अँड डी बियाँड' या डंजन्सच्या ऑनलाइन सेवेच्या वर्गण्या बंद करायचा सपाटा लावला. महिना संपायच्या आत कंपनी मागे हटली आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा मूळ दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली कायमचा खुला केला. २०२५ मध्ये सुधारित नियमांचा दस्तऐवजही तसाच खुला झाला. म्हणजे आज श्रेय देऊन तो कुणीही छापू शकतो, बदलू शकतो, मराठीत आणून विकूही शकतो. परदेशी जाड पुस्तकांवर पैसे घालण्याआधी हे फुकटचं उतरवून घ्या.

ॲपमधला फासा खरा असतो का? हातातलाच बरा ना?

आकड्यांच्या हिशेबाने ॲपचा फासा उत्तम असतो, बाजारातल्या स्वस्त प्लास्टिकच्या फाशाहून बहुधा सरसच. प्लास्टिकमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर एक बाजू हलकी होते. तपासायचं असेल तर पेल्यात भरपूर मीठ विरघळवून फासा तरंगवा आणि टिचकी मारत राहा, तोच तो आकडा वर येत असेल तर फासा लबाड आहे.

पण फासा टाकण्यात आकड्याखेरीज बरंच काही असतं. तो हातात खुळखुळतो, कुणीतरी "थांब, मी टाकतो, तुझा हात खराब आहे" म्हणतं, तो लोडाखाली जातो, सगळे वाकून बघतात. ॲपवर आकडा थेट उगवतो. वाट बघायला फुरसतच नाही.

आपल्याकडे या बाबतीत कुणाकडून शिकायची गरज नाही. सारीपाटाचे लांबट, चार बाजूंचे फासे अनेक घरांत माळ्यावर पडलेले आहेत. ऋग्वेदातला जुगारी तर बेहड्याच्या फळांनी खेळून बरबाद झाला. आमच्याकडे डंजन्ससाठी लागणारा वीस बाजूंचा फासा यायला उशीर झाला, तेव्हा आजीने डब्यातून सहा कवड्या काढून दिल्या. उताण्या किती पडल्या ते मोजायचं. कवडी उताणी पडण्याची शक्यता निम्मी धरली, तर तीन उताण्या पडण्याची शक्यता ६४ त २०, आणि सहाच्या सहा पडण्याची ६४ त फक्त १. वीस बाजूंच्या फाशात १ काय आणि २० काय, प्रत्येक आकडा सारखाच, शंभरात पाच वेळा. म्हणून त्या फाशाचा खेळ उधळ्या असतो, आणि कवड्यांचा संसारी. खरी कवडी काही बरोबर निम्म्या वेळा उताणी पडत नाही, हे इंजिनिअरिंगवाल्याने पाचशे वेळा टाकून सिद्ध केलं. त्याची परीक्षा चालू होती तेव्हा.

आता एआय आलंय. गेम मास्टरची गरज उरेल का?

'एआय डंजन', म्हणजे यंत्रच गोष्ट सांगतं असा खेळ, २०१९ मध्येच आलं. तेव्हा ते दोन वाक्यांत गोष्ट विसरायचं. आताची यंत्रं बरीच सुधारली आहेत. मी एकदा नुसत्या मजेसाठी एका चॅटबॉटला गेम मास्टर केलं आणि माझा कारकून नाक्यावर अडकल्यावर लिहिलं, "माझ्या पिशवीत तोफ आहे." तो म्हणाला, तुम्ही सावकाश तोफ बाहेर काढता, शिपायांचे डोळे विस्फारतात. भिया (आमच्या इंदूरचं 'भाऊ'), पिशवीत तोफ! आमच्या माडीवर हे कुणी म्हणालं असतं तर आधी हशा पिकला असता आणि मग त्याला तीन महिने 'तोफखाना' म्हणून हाक मारली असती.

वाईट एवढंच की तो नाही म्हणत नाही. दटावून सांगितलं तर म्हणतो, पण मग प्रत्येक गोष्टीलाच म्हणतो. समोरचा माणूस कंटाळलाय, रडवेला झालाय, की मुद्दाम वेडेपणा करतोय, हे चेहऱ्यावरून ओळखून गोष्ट वळवायची असते. ते त्याला दिसतच नाही.

कामाला मात्र येतो. गावातल्या दुकानांची यादी, बाजारातला गलबला, एखादं सरकारी पत्र. नावं मागू नका. १८१७ च्या माळव्यासाठी नावं मागितली तर पहिल्या फटक्यात राजेश आणि अमित आले होते.

मराठीत खेळता येतं का? सगळे शब्द इंग्रजी आहेत.

आम्ही मराठीतच खेळतो, म्हणजे इंदूरच्या मराठीत. एकाच वाक्यात मराठी क्रियापद आणि हिंदी शिवी. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला आमचा गोलंदाज 'अशुद्ध' वाटला होता. तासाभराने तो स्वतः तसंच बोलायला लागला.

शब्द आम्ही ठरवले नाहीत, ते पडत गेले. हिट पॉइंटला, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय त्या आकड्याला, 'दम' म्हणतो ("माझा दम चारच उरलाय"). सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) म्हणजे 'सावर'. इनिशिएटिव्ह (लढाईत आधी कुणी खेळायचं ते) म्हणजे 'पहिली पाळी'. कॅम्पेनला, म्हणजे अनेक रविवार चालणाऱ्या सलग गोष्टीला, मोहीम हा शब्द आयताच मिळाला. कॅरेक्टर शीटला, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाला, काकू 'पत्रिका' म्हणाल्या आणि ते चिकटलं. आता नवीन माणूस आला की आजी झोपाळ्यावरून विचारते, "पत्रिका जुळते का पाहिलीत का?" फासा आणि दान आपलेच. गेम मास्टरला मात्र काही सुचलं नाही. 'सूत्रधार' सुचवलं गेलं, पण मला त्यात मिरवल्यासारखं वाटतं.

खरी अडचण कागदाबाहेर आहे. भरायच्या पीडीएफ पत्रिकेत देवनागरी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, 'क्षिप्रा' लिहिलं की अक्षरांचे तुकडे चौकटीत सांडतात. आपोआप लिहून घेणारं सॉफ्टवेअर आमचं बोलणं मराठी धरायचं की हिंदी, या गोंधळात पडतं. मी एका सेशनचं रेकॉर्डिंग त्याला दिलं, तर 'दम चार' हे 'दमदार' झालं होतं. तूर्तास वही बरी.

या खेळाच्या भवितव्याबद्दल मला विचाराल तर माझी आशा इथे आहे. बेंगळुरूला गेलेला आमचा मुलगा ऑफिसात इंग्रजी, खोलीवर हिंदी बोलतो. महिन्यातून एका रविवारी तीन तास तो सलग मराठी बोलतो, भांडतो, थापा मारतो. त्याच्या आईनेच मला हे सांगितलं.

इतिहासातल्या थोर व्यक्तींना खेळात आणता का?

नाही. अहिल्याबाईंच्या तोंडी मी वाक्यं घालणार नाही, आणि आमच्या मोहिमेच्या २२ वर्षं आधी, १७९५ मध्ये, त्या गेलेल्या आहेत. आमची माणसं लहान असतात: कारकून, कोष्टी, नावाडी. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर इंग्रजांशी लढाई कसे हरले, जानेवारीत मंदसौरचा तह होऊन राजधानी इंदूरला कशी आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते बदलत नाही. पत्र पोचतं का, एवढंच आपल्या हातात.

यूट्यूबवर लोक काय सुंदर खेळतात! आम्हाला तसं बोलता येणार नाही.

'क्रिटिकल रोल' ही हा खेळ खेळून दाखवणारी मालिका २०१५ पासून चालू आहे आणि ती सुरू करणारे सगळे व्यावसायिक आवाज-कलाकार आहेत. २०१९ मध्ये त्यांच्या प्रेक्षकांनी ॲनिमेशनसाठी १ कोटी १० लाख डॉलरच्या वर वर्गणी दिली. त्यांच्याशी तुलना करून घरचा गेम मास्टर खट्टू होतो, याला तिकडे त्या मालिकेचा पहिला गेम मास्टर मॅट मर्सर याच्या नावाने 'मर्सर इफेक्ट' असा शब्दच आहे. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेचं नाटक बघून आल्यावर आपण घरी बोलायचं बंद करतो का?

मुलांना नादी तर लावणार नाही ना?

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पालकांनाही वाटलं होतं, की या खेळामुळे पोरं सैतानाची पूजा करतील. तसं काही झालं नाही. आमच्याकडे १२ वर्षांच्या पुढची मुलं येतात, सहाला घरी जातात. गणित थोडं सुधारतं, अक्षर सुधारत नाही.

गट जमत नसेल तर?

'आयर्नस्वॉर्न' नावाचा २०१८ चा खेळ एकट्याने खेळता येतो आणि त्याची पीडीएफ लेखकाने फुकट ठेवली आहे. इंग्रजी सोपं आहे.

येत्या रविवारी आलो तर काय आणू?

पेन्सिल आणि खोडरबर. शेव आणायची तर लवंगेची आणा, साधी आमच्याकडे आहे. पत्र अजून नदीच्या अलीकडेच आहे आणि मिठाचा शिपाई आता काकूंना आत्या म्हणतो, बाकीचं आल्यावर सांगू. तीनला सुरू करतो. बेल बिघडली आहे, खालून हाक मारा.